पाठिंबा, पण काऊन?

२०२२ च्या जुलैत टपालाने आलेली मतपत्रिका मी डेट्रॉईटच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरली. अमेरिकेचा नागरिक झाल्यावरचं ते माझं पहिलं मतदान. गव्हर्नर, संसदेचा प्रतिनिधी, राज्याच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, काउंटीचे पदाधिकारी, न्यायाधीश अशी नावांची रांग खाली उतरत होती. त्यातली बरीच नावं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो.

मी मालेगावचा. नाशिकचं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं. आमचा जिल्हा वाशीम, विधानसभेचा मतदारसंघ रिसोड आणि लोकसभेचा अकोला. तीन दिशांना तीन गावं असली तरी माणसं ओळखीची असतात. उमेदवाराचं घराणं, त्याचे सोयरे, तो कुणाच्या लग्नाला आला आणि कुणाच्या मयतीला आला नाही, हे सगळं पारावर माहीत असतं. इथे ती ओळखच नव्हती. म्हणून इथले लोक ज्याचा आधार घेतात त्याचा मीही घेतला. तो आधार म्हणजे जाहीर पाठिंबा.

इथे कोण पाठिंबा देत नाही? १९३५ साली याच शहरात स्थापन झालेली वाहन कामगारांची संघटना यूएडब्ल्यू देते, शिक्षकांच्या संघटना देतात, महापौर देतात, मावळते खासदार देतात. वर्तमानपत्रंही देतात. ‘डेट्रॉईट न्यूज’ने २०१६ साली अध्यक्षपदासाठी लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सन यांना पाठिंबा दिला. दीडशे वर्षांकडे झुकलेल्या त्या रिपब्लिकन वळणाच्या पत्राने रिपब्लिकन नसलेला उमेदवार निवडला तो तेव्हा पहिल्यांदाच, आणि तो का निवडला हे वाचकांना अग्रलेखात सांगितलं. आपल्याकडे आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने असाच उघड उभा राहिला होता. माझं मत अमक्याला आणि त्याची कारणं ही, असं छापून सांगणं म्हणजे स्वतःची पत पणाला लावणं. मला या रिवाजाबद्दल मनापासून आदर वाटतो.

त्या वर्षी आमच्या संसदेच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी नऊ जण उभे होते. नोव्हेंबरात इथे हाच पक्ष जिंकतो, त्यामुळे खरी लढत ऑगस्टच्या या प्राथमिक निवडणुकीतच होती. नऊ जणांत एक होते श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, १९७९ साली अमेरिकेत शिकायला आलेले, आणि ‘ही श्रीची इच्छा’ हे मराठी आत्मचरित्र लिहिणारे.

मला घरून फोन आला. “आपला मानूस उभा हाये म्हने. सगळ्यायले सांग.” इथल्या मराठी ओळखीच्यांचे निरोपही त्याच सुरात होते. परक्या शहराच्या मतपत्रिकेवर आपल्या भाषेतलं आडनाव दिसलं की छाती भरून येते. माझीही आली.

माझ्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी राहतात. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. त्या पायरीवर बसून संघटनेचं पत्रक आणि वर्तमानपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचत होत्या आणि पेन्सिलीने खुणा करत होत्या. मी म्हणालो, आमच्या भाषेचा एक माणूस उभा आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, “आनंद आहे. पण त्याला मत का द्यायचं, ते सांग.” मग त्यांनी स्वतःची बाजू मांडली. १९५५ साली चार्ल्स डिग्ज संसदेत गेले, तेव्हापासून डेट्रॉईटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे सतत होता. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्यावर ही परंपरा खंडित होईल, ही इथल्या अनेकांची काळजी होती. कृष्णवर्णीय नेत्यांच्या एका समितीने आणि महापौर माईक डुगन यांनी अॅडम हॉलियर यांना पाठिंबा दिला होता. आजींच्या पेन्सिलीची खूणही तिथेच होती.

त्यांचं ‘आपला माणूस’ माझ्यापेक्षा किती जड होतं! माझ्या अभिमानामागे एक आडनाव होतं, त्यांच्यामागे सदुसष्ट वर्षं. तरीही त्या थांबल्या नाहीत. घरांचे कर, शाळा, पाण्याची बिलं यावर कोण काय बोललं, हे त्यांनी मला एकेक करून दाखवलं.

ठाणेदार सुमारे २८ टक्के मतं घेऊन जिंकले. मोठे पाठिंबे दुसरीकडे होते. त्यांनी स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर ओतला होता आणि उरलेली मतं आठ जणांत वाटली गेली. पाठिंबा म्हणजे मत नव्हे, हे त्या रात्री कळलं. पण खरं तर ते मला आधीच ठाऊक असायला हवं होतं.

१९९८ साली मी अकोल्याला मामाकडे राहून शिकत होतो. लोकसभेला काँग्रेसने आपल्याकडच्या रिपब्लिकन पक्षाच्या नेत्यांना पाठिंबा दिला होता आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर उभे होते. समझोता वरच्या पातळीवर झाला, पण गावोगावच्या म्हाताऱ्यांचा हात वर्षानुवर्षं काँग्रेसच्या पंजाकडे जायचा. तो वळवणार कोण? मामाचं कृषी केंद्र होतं. बियाण्याची पिशवी बांधता बांधता तो एकेकाला समजावायचा. कुणी म्हणालं, “वरून आदेश आला, झालं.” मामा म्हणाला, “पाठिंबा वरतून येते भाऊ, शिक्का आपल्या हातानं मारा लागते. काऊन मारतो, ते समजून मार.” त्या निवडणुकीत महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन नेते खुल्या जागांवरून लोकसभेत गेले: अकोल्यातून आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. ते यश केवळ पाठिंब्याच्या पत्राचं नव्हतं. दुकानादुकानात, ओट्याओट्यावर ‘काऊन’चं, म्हणजे ‘का’चं, उत्तर देत बसलेल्या अशा माणसांचंही होतं.

आज गावाकडे गाडीभर माणसं येतात, हार घालतात, फोटो काढतात आणि ‘जाहीर पाठिंबा’ म्हणून तो फोनवर फिरतो. कुणी दिला हे कळतं, का दिला हे कळत नाही. समाजाचा, संघटनेचा, गावाचा पाठिंबा दिला जातो, पण त्या समाजातल्या बाईला, गावातल्या मजुराला कुणी विचारलेलं नसतं. दुसऱ्याचं मत असं परस्पर देऊन टाकणं मला अन्याय वाटतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात दोन्ही घरच्या निवडणुका पंधरा दिवसांच्या अंतराने आल्या: इथली ५ तारखेला, महाराष्ट्राची २० ला. रिसोडमधून अमित झनक, अनंतराव देशमुख आणि भावना गवळी अशी तीन मोठी नावं उभी होती. पुतण्याचं पहिलंच मतदान. त्याने फोन केला, “काका, तुम्ही सांगा कोनाले देऊ.” मी त्या मातीत राहत नाही, तिथला कर भरत नाही, तिथलं पाणी पीत नाही. मी नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “दारात जो पाठिंबा मागायला येईल, त्याले काऊन म्हून विचार. आणि मत दिल्यावर मले कारन सांग, नाव नको.”

२० तारखेला त्याचा फोन आला. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना हाती किती पडले, शेतातल्या रस्त्याचं काय झालं, हे तो दहा मिनिटं सांगत राहिला. दोन कारणं मला पटली, एक पटलं नाही. त्यावर आम्ही वाद घातला. बोटावरची शाई दाखवायला त्याने कॅमेरा सुरू केला, तेव्हा इकडे सकाळ होती आणि शेजारच्या आजी पायरीवर पेपर उघडत होत्या.