रेल्वे गेली, छत्र्या राहिल्या

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा, पण अर्धी वाचून शिव्या देऊ नका.

परवा नारायणगावच्या स्टँडवर चहा घेत होतो. आमचे एक चुलत चुलते भेटले, टोमॅटोवाले. पुणे–नाशिक रेल्वेसाठी त्यांच्या वावराची मोजणी झाली होती. खुणा झाल्या, भावाची चर्चा झाली, पोरानं आलेल्या पैशाचं काय करायचं तेही ठरवून टाकलं होतं. आता मार्गच बदलला. मला बघून म्हणाले, "काय रे पत्रकार, तू त्या खोडदच्या छत्र्यांचं लई कौतुक लिहीत असतोस. त्यांच्यापायी आपली गाडी गेली. त्या छत्र्यांनी आपल्याला काय दिलं, ते एकदा लिही की."

म्हटलं, लिहितो तात्या.

आधी रेल्वेचं, कारण सगळ्यांचं डोकं तिथंच तापलंय. साधारण २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, नाशिक. आमच्या वडिलांच्या पिढीपासून निवडणूक आली की ही गाडी निघायची आणि मतदान झालं की यार्डात जायची. या वेळी मात्र मोजणीपर्यंत मजल गेली होती. मग रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की मूळ मार्ग जीएमआरटी दुर्बिणीजवळून जातो, तिच्या कामात अडथळा येईल, म्हणून मार्ग बदलावा लागेल. आता शिर्डी, अहिल्यानगरकडून जाणारा मार्ग पुढे आला. म्हणजे जुन्नर, आंबेगाव, संगमनेरवाल्यांनी हात हलवत बसायचं.

मला या गाडीचं काय वाटतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा शास्त्रज्ञांचा माणूस. चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. इथं सीटी स्कॅन झाला, डॉक्टरांनी सांगितलं ताबडतोब पुण्याला हलवा. चाकणच्या चौकात अॅम्ब्युलन्स सायरन वाजवत एका जागी उभी राहिली, ती किती वेळ ते मी घड्याळात बघितलं नाही, बघवलं नाही. वडील वाचले. उजवा हात अजून साथ देत नाही. त्यामुळे या भागाला रेल्वे कशाला हवी, हे मला कुणी शिकवू नये.

आता छत्र्या. खोडद आणि आजूबाजूच्या गावांत मिळून ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधोमध दाटीनं, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, सगळ्यांत लांबच्या दोघींत साधारण २५ किलोमीटर अंतर. डॉ. गोविंद स्वरूप यांनी हे उभं केलं. ते सप्टेंबर २०२० मध्ये गेले, तेव्हा कोविडच्या गदारोळात आपल्यापैकी किती जणांना कळलं कुणास ठाऊक. एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली असती तर वजन आणि खर्च दोन्ही परवडले नसते. त्यांनी ताणलेल्या दोरांवर बारीक स्टीलच्या तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो, रेडिओ लहरी मात्र अडून परततात. कांदाचाळीला जाळी मारणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल.

ही संस्था, एनसीआरए, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा कागदपत्रांसाठी त्या आवारात कितीदा चकरा मारल्या असतील. कँटीन कुठं आहे ते पाठ होतं. माझ्या तालुक्यातली दुर्बीण चालवणारी माणसं तिथं बसतात, हे मला दहा वर्षांनी कळलं.

आणि कळल्यावर मी काय दिवे लावले ते ऐका. जानेवारी २०२३. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे अर्णब चक्रवर्ती आणि बंगळुरूच्या आयआयएससीचे निरुपम रॉय यांनी जाहीर केलं की जीएमआरटीनं फार दूरच्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडला. तो तिथून निघून ८८० कोटी वर्षं झाली होती. हायड्रोजनची ही लहर मुळात २१ सेंटिमीटरची असते. येईपर्यंत विश्व इतकं पसरलं की लहर ताणून ४८ सेंटिमीटरची झाली. एवढ्या लांबून ती ऐकूच यायला नको होती, पण वाटेत दुसरी दीर्घिका आडवी होती आणि तिच्या गुरुत्वाकर्षणानं भिंगासारखं काम करून सिग्नल ३० पटींनी वाढवला. आता ही बातमी स्वतःच किती भारी! पण मी मथळा काय दिला? 'खोडदच्या दुर्बिणीला परग्रहावरून सिग्नल?' प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपली, असं आमच्या धंद्यात बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटलं. बातमी तुफान चालली. पुढच्या महिन्यात विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात एका शाळकरी मुलीनं तिथल्या शास्त्रज्ञांना विचारलं, "सर, ते एलियन परत बोलले का?" शेजारी मी उभा. त्यांनी तिला शांतपणे हायड्रोजन समजावून सांगितला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतरची बातमी मी नीट करायची ठरवली. २९ जून २०२३. त्या दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आली होती, आठवत असेल. वारी, कुर्बानी, बंदोबस्त, सगळी पानं भरलेली. वर टोमॅटोचे भाव चढायला लागलेले. आणि त्याच दिवशी युरोप, भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन इथल्या शास्त्रज्ञांच्या गटांनी सांगितलं की सबंध विश्वात गुरुत्वीय लहरींची एक सततची गुणगुण असल्याचे पुरावे मिळालेत. युरोपच्या गटासोबत आपला गट होता, इंडियन पल्सार टायमिंग अॅरे, आणि त्यांचं कान लावायचं यंत्र म्हणजे ह्याच छत्र्या. माझ्या बातमीला दोन कॉलमांची जागा सांगितली होती, प्रत्यक्षात आल्या सहा ओळी. म्हणून आज इथं लिहितो.

पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गोळा. त्यातले काही सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि दर गिरकीला रेडिओचा एक ठोका आपल्याकडे येतो. हे ठोके इतके नियमित असतात की घड्याळ म्हणून वापरता येतात. गुरुत्वीय लहर मधून गेली की अवकाश किंचित ताणतं, आकसतं, आणि ठोका किंचित उशिरा किंवा लवकर येतो. किंचित म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी, आणि तेही अनेक वर्षं मोजत बसल्यावर. ह्या लहरींचं एक हेलकावणं पुरं व्हायलाच वर्षानुवर्षं लागतात. सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाची कृष्णविवरं जोडीनं फिरतात, त्यांच्यातून त्या निघत असाव्यात असा अंदाज आहे.

तात्यांना मी हे स्टँडवरच समजावलं, कारण उदाहरण समोरच होतं. समजा आज सगळ्या एसट्या उशिरा आल्या. कारण काय? एखादीच उशिरा आली तर ती वाटेत बंद पडली असेल. एकाच घाटातून येणाऱ्या उशिरा आल्या तर घाटात धुकं असेल. आणि झाडून सगळ्या सारख्याच उशिरा दिसल्या तर? तात्या म्हणाले, "मग स्टँडचं घड्याळ पुढं असंल." बरोबर. शास्त्रज्ञांचं काम नेमकं हेच आहे. तारा स्वतः अडखळला का, वाटेत अडथळा होता का, की आपलंच घड्याळ चुकलं, हे एकेक वगळत जायचं.

यातलं वाटेतल्या धुक्याचं काम खोडदनं केलं. ताऱ्यांमधल्या पोकळीत इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात, त्यांच्यामुळे ठोका रेंगाळतो. जितकी कमी फ्रिक्वेन्सी तितकं रेंगाळणं जास्त. युरोपच्या दुर्बिणी बहुतेक वरच्या फ्रिक्वेन्सीवर बघतात, तिथं हे धुकं नीट दिसत नाही. आपली ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर बघते, तिथं ते ठळक दिसतं, मोजता येतं आणि हिशेबातून वजा करता येतं. युरोपकडे २५ वर्षांची निरीक्षणं होती, आपल्याकडे जेमतेम साडेतीन वर्षांची. तरी ती कामाला आली.

एवढं करून खात्री कशी पटायची? तिथं गणित येतं. १९८३ मध्ये हेलिंग्ज आणि डाउन्स या दोघांनी कागदावर मांडून ठेवलं होतं की उशीर खरंच गुरुत्वीय लहरींमुळे असेल तर आकाशात जवळजवळ असलेले दोन पल्सार एकदमच मागेपुढे होतील, काटकोनात असलेले साधारण उलटसुलट, आणि अगदी समोरासमोरचे पुन्हा थोडेफार एकसारखे. एक ठरावीक वळणाची रेघ. ती रेघ ४० वर्षं कागदावरच होती. २०२३ मध्ये खऱ्या आकड्यांत ती उमटताना दिसायला लागली. अजून कुणी 'शोध लागला' असं छातीठोकपणे म्हणत नाही, 'पुरावे मिळाले' म्हणतात. शब्द तोलून वापरायची ही सवय आम्हा पत्रकारांना लागली असती तर काय बहार आली असती.

तात्यांनी ऐकलं सगळं. मग म्हणाले, "ते समदं ठीक. पण माझ्या घरात त्यातलं काय आलं?"

खरं सांगतो, इथं मी अडकलो. लहरींमधून टोमॅटोला भाव मिळत नाही. पण घरी येऊन वडिलांची फाईल चाळताना एक गोष्ट आठवली, मागे वाचलेली. डॉ. स्वरूप यांनी पीएचडी केली स्टॅनफर्डला, रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे. ब्रेसवेल रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्या काळच्या दुर्बिणी आकाशाचा ठिपका न ठिपका बघू शकत नसत, पट्टी पट्टीनं बघत. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या अशा पट्ट्यांवरून अख्खं चित्र गणितानं कसं उभं करायचं, यावर ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये लिहिलं. पुढे सीटी स्कॅन आला तेव्हा अडचण तीच होती. डोक्यातून वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे जातात, त्या पट्ट्यांवरून आतलं चित्र काढायचं. आकाशासाठी केलेलं गणित डोक्यासाठी उपयोगी पडलं. १९७१ मध्ये आपल्याच जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनीही स्वतंत्रपणे तीच वाट दाखवली. खोडदच्या ३० छत्र्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि त्या जोड्यांच्या नोंदींतून चित्र जुळवायचं गणितही याच घराण्यातलं.

म्हणजे वडिलांच्या मेंदूत कुठं काय झालंय हे ज्या फिल्मवर दिसलं, तिची नाळ कुठंतरी या छत्र्यांच्या खानदानाशी जुळते. आणि ज्या रस्त्यावर त्यांची अॅम्ब्युलन्स अडकली, तिथली रेल्वे याच छत्र्यांमुळे गेली असं सरकार सांगतं. मी कुणाच्या बाजूनं बोलू?

दुर्बिणीची अडचण खोटी नाही, हेही मान्य करायला हवं. हे सिग्नल इतके क्षीण असतात की चंद्रावर एक मोबाइल चालू ठेवला तर तो या दुर्बिणीला आकाशातल्या ठळक वस्तूंपैकी एक वाटेल. विजेवरच्या रेल्वेत वरच्या तारेला पँटोग्राफ घासत जातो, तिथं ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे रेडिओच्या सगळ्या पट्ट्यांवर एकदम गोंगाट. शिवाय गाडीतले शेकडो मोबाइल. डोंगरांच्या आडोशाची, शांत म्हणून निवडलेली जागा. तिथून अशी गाडी जवळून गेली तर काम कठीण होणार, यात वाद नाही.

वाद वेगळा आहे. 'जवळून' म्हणजे किती? पाच किलोमीटर, दहा, पंधरा? काही भाग बोगद्यातून किंवा डोंगराआडून नेला तर गोंगाट किती कमी होतो? तसा मार्ग याच तालुक्यांतून काढता येतो का, हे कुणी मोजलं का? ह्याचं उत्तर ज्यांची मोजणी झाली त्या शेतकऱ्यांना मराठीत, गावात येऊन, नकाशा पसरून सांगायला काय हरकत होती? आजवर टॉवर असो, कारखाना असो, दुर्बिणीपायी या भागानं बंधनं सोसली आणि फारशी कुरकूर केली नाही. विज्ञान दिनाला पोरांना ट्रॅक्टरमध्ये बसवून खोडदला नेणारी हीच माणसं आहेत. त्यांना एका वाक्यात 'दुर्बिणीमुळे गाडी रद्द' असं सांगून टाकलं की राग छत्र्यांवर निघतो. परवा एकजण स्टँडवर म्हणाला, जाळ्या काढून भंगारात घाला. लोक हसले, पण मला ते हसणं आवडलं नाही.

शास्त्रज्ञ मंडळींनाही एक सांगणं. तुमच्या बातम्या आम्हाला इंग्रजी पत्रकातून येतात, तेही सहा वाजता, पान लागताना. आमच्यातले अर्धे लोक मग माझ्यासारखे एलियन शोधतात.

वरचे प्रश्न मी माहिती अधिकाराच्या दोन अर्जांत लिहून सोमवारी पाठवलेत, एक रेल्वेकडे, एक दुर्बिणीवाल्यांकडे. पोच आली आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकतो, आणि एक प्रत तात्यांना स्टँडवर वाचून दाखवतो.