भिंतीचा घसारा

ऑगस्ट २००९ मध्ये मुंबई महापालिकेने माहीम-दादरदरम्यानची, सेनापती बापट मार्गालगतची रेल्वेची लांबलचक भिंत नागरिकांना चित्रांसाठी खुली केली. शेकडो हातांनी ती रंगविली. त्यांत विद्यार्थीही होते. पुढे ऊन, पाऊस आणि धूर यांनी आपले काम केले.

मीरा-भाईंदरमधील शाळकरी मुलांनी अशी भिंत रंगवावयाची ठरविल्यास रंगांसाठी देणगीदार सहज मिळतील. परंतु खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात गिलाव्याला पोपडे लवकर धरतात. दुकानातील फर्निचरवर दरवर्षी घसारा लावणारा व्यापारी भिंतीबाबत तो कसा विसरतो? उद्घाटनाच्या मंडपाचा खर्च वाचवून तेवढी रक्कम डागडुजीसाठी मुदत ठेवीत ठेवावी. कोपऱ्यात नावे मात्र मुलांचीच असावीत. देणगीदाराचे नाव पावतीवर असतेच.