पावसाळ्यातलं अरुगम बे

जून लागला की कोकणातल्या होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि मला वेध लागतात श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेमधल्या सर्फिंगचे. ‘भर पावसाळ्यात कसला समुद्र?’ हा प्रश्न दरवेळी ठरलेला. पण आपल्या किनाऱ्यावर थडकणारा नैऋत्य मोसमी वाराच श्रीलंकेच्या डोंगरांवर पाऊस रिता करतो आणि पूर्वेला कोरडा होऊन उतरतो. तिथे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. येणाऱ्या लाटेचं तोंड त्याने गुळगुळीत होतं, लाट लवकर कोसळत नाही.

लाटा मात्र फार लांबून येतात. आपल्या पावसाळ्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. तिथल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर येईतो बारीकसारीक खळबळ मागे विरून जाते आणि लांब, सुट्या लाटा तेवढ्या उरतात. अरुगम बेच्या भूशिराच्या टोकाशी खडकाळ, उथळ तळावर लाटेची आतली कड अडखळते, बाहेरची धावतच राहते. त्यामुळे ती एकदम न फुटता टोकापासून उजवीकडे फुटत जाते.

मी उजाडतानाच पाण्यात असते. दुपारी खारे वारे सुटले की पाण्यावर सुरकुत्या पडतात, मजा जाते. सकाळी बोर्डवर बसून दक्षिणेकडे पाहायचं. आधी एक गडद रेघ दिसते, मग तिच्यामागे दुसरी. पहिली बहुधा मी सोडते. मागची मोठी असते. चार-सहा जोरकस हात मारले की बोर्डची शेपटी उचलली जाते, आणि उभं राहिल्यावर समोर हिरवट भिंत उभी होतच राहते. पायांत गोळे येईपर्यंत चालणारी लाट मला दुसरीकडे कुठे भेटलेली नाही.

एप्रिल-मेमध्ये हंगाम सुरू होतो, जून ते ऑगस्ट ऐन भर. ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी पाऊस येतो आणि मंडळी नैऋत्य किनाऱ्यावरच्या वेलिगामा, हिक्कडुवाकडे वळतात. माझ्या मते सप्टेंबर सर्वांत चांगला: लाटा असतात, गर्दी ओसरलेली असते.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर एक कळकळीची विनंती. लाट फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. मध्ये घुसू नका. खाली खडक आहेत, माणसं जखमी होतात. नवशिके असाल तर मुख्य टोकाचा मोह सोडा आणि आतल्या बेबी पॉइंटवर शिका.