तांब्याभर पाणी

2024 साली पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागलं. प्राथमिक शिक्षक, जिल्हा रायगड. मायनं विचारलं, "लई लांब हाय का रं?" म्हणलं, "महाड त्याच जिल्ह्यात हाय." तिला तेवढं पुरलं.

बीडहून एस.टी.नं पनवेल, तिथून पेण. शिक्षणसेवकाची तीन वर्षं, मानधन महिना 16,000. 2022 पर्यंत ते 6,000 च होतं. पेणला गणपतीच्या कारखान्यांमागं खोली बघितली. मालकानं भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, मग आडनाव विचारलं. मग म्हणाला, "माझा पुतण्या यायचाय राहायला." असे तीन घरांत तीन पुतणे निघाले. शेवटी रोह्याजवळ बौद्धवाडीत जागा मिळाली. घरवाले मुंबईला, चावी शेजारच्या आजीकडं. तिनं जयभीम घातला अन् चहा टाकला. तेव्हापासून सकाळी रोह्याहून दिव्याची गाडी, पेणला उतरून मिनीडोर, मग डोंगराची चढण.

वाडी कातकऱ्यांची. पहिल्याच दिवशी एका पोरीची आजी तांब्या घेऊन आली. "गुरुजी, पाणी." तांब्या चेपलेला, पाणी गढूळ. मी म्हणालो, "तहान नाही." तहान होती. पिशवीत बाटली होती. वर्गात जाऊन, पाठ करून प्यालो. वळलो तर म्हातारी खिडकीशी उभी.

दोस्तहो, त्या रात्री झोप लागली नाही. मी पण पुतण्याच सांगितला होता. पाणी गढूळ होतं, आजारी पडलो असतो, हे खरं. पण कारण तर घरमालकाकडं पण होतंच.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेलो. म्हणलं, "आजी, पाणी उकळून दोघं पिऊ." ती म्हणाली, "पाण्याला लाकडं जाळली तर भाताला काय जाळू?" शिकवायला मी आलो होतो, अन् पहिला धडा तिनं दिला. मग खाली जाऊन मोळी उचलून आणली. तिनं पाणी ठेवलं.

दिवाळीनंतर पट निम्मा झाला. आईबापांनी बयाणा घेतलेला, पोरं त्यांच्यामागं वीटभट्टीवर. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडं बयाण्याला उचल म्हणतात. माय-बाप मिळून एक कोयता. दोन हंगाम मी पण उसाच्या फडात काढले. तिसऱ्याला आजीनं ठेवून घेतलं, म्हणून शाळा टिकली. तेच या आजीला सांगितलं. तिची नात राहिली. गेलेल्या पोरांना शिक्षण हमी कार्ड लिहून दिलं. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. पण कार्ड खिशात अन् पोर चिखलात, हे पण बघितलं. म्हणून रविवारी भट्ट्यांवर जातो, पोरं मोजतो, जवळच्या शाळेतल्या गुरुजींना भेटतो.

घरून फोन येतो, "बदलीचं बघ." इथली डी.एड. झालेली पोरं तोंडावर म्हणतात, "तुम्ही बाहेरचे. जागा अडवणार अन् निघून जाणार." खोटं कसं म्हणू? माय थकलीय. जाणारच नाही अशी शपथ मी घेत नाही. पण माझ्यानंतरची खुर्ची किती दिवस रिकामी राहील, हा हिशेब आता झोपू देत नाही.

20 मार्चला आपण महाडला जातो. 1927 चं ते पाणी आठवतो, अन् संध्याकाळच्या गाडीनं परततो. पेण वाटेवरच आहे. यंदा उतरा. वाडीत एक रात्र काढा. आजी पाणी देईल. प्या. सकाळी मिळून भट्टीवर जाऊ, पोरं मोजायला.