फुसका बार

'फुसका बार' हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे वापरतो. पुढाऱ्याचं भाषण पडलं, फुसका बार. नाटक चाललं नाही, फुसका बार. पण ज्यांच्या घरात ठासणीची बंदूक होती त्यांना ठाऊक असतं, की बार न होण्याचेही प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार काही वेगळं सांगत असतो.

कोरेगाव तालुक्यात, माझ्या आजोळी, मामूंकडे अशी बंदूक होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणाकरता ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद आहे, त्याखाली मिळालेली. उसात रानडुकरं शिरत. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. म्हणून मामू शिसं न भरता नुसत्या दारूचा बार काढून कळप पिटाळत. शेजारचे शेतकरीही रात्री त्यांनाच हाक मारायला येत. त्या घरात 'दारू' या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. "दारू संपली, आणली पाहिजे," असं ते ओसरीवरून म्हणाले की नवखे पाहुणे मुमानीकडे चमकून बघत. मूळ फारसीत दारू म्हणजे औषध. 'दवादारू'त तो अर्थ अजून टिकून आहे.

बंदुकीचं काम साखळीसारखं. चाप ओढला की घोडा केपेवर आदळतो. केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी. तिच्यात ठोक्याने पेटणारा मसाला. तिची आग एका बारीक छिद्रातून नळीच्या बुडाशी जाते आणि दारू पेटते. पूर्वी रंजक उघड्यावर असे, पावसात भिजे. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोरसिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं आणि पुढे केप आली. तरी श्रावणातली दमट हवा आपलं काम करायचीच.

बार झाला नाही की मामू आधी काहीच करत नसत. नळी शेताकडे धरून शंभरपर्यंत मोजत. दारू कधी कधी आत धुमसते आणि उशिरा पेटते. एकदा माझा मावसभाऊ नळीत डोकवायला पुढे झाला. मामूंनी एका हाताने त्याला मागे रेटलं. "ठैर रे, अब्बी नक्को!" शब्द संपायच्या आत बार झाला. शिसं नव्हतं, पण ती आग आणि चिंध्यांचा बोळा त्याचे डोळे घेऊन गेला असता. तो पोरगा त्या रात्री जेवला नाही.

मोजून झालं की मामू साखळी उलगडत. केप फुटलीच नाही? मग ती दमट, किंवा घोड्याची स्प्रिंग ढिली. दुसऱ्या ठोक्याला फुटली? मग ती नीट बसलेली नव्हती; पहिला ठोका तिला बसवण्यातच गेला. केप फुटली पण बार नाही? मग दोष पुढे आहे. छिद्र काजळीने तुंबलंय, आत तेल राहिलंय, किंवा दारू ओली आहे. माणसाची पहिली ओढ असते दारू वाढवण्याची. मामू ते कधीच करू देत नसत. आग पोचतच नसेल तर दारू दुप्पट करून काय होणार? आणि ज्या दिवशी पोचेल त्या दिवशी नळी फुटेल.

त्यांचे एक स्नेही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. १८६९ पासूनचा हा कारखाना. त्यांनी सांगितलं, की काडतुसाचं गणितही हेच आहे. केपेच्या जागी बुडाला प्रायमर, एवढाच फरक. अमेरिकेसारख्या देशांत हौशी नेमबाज पिस्तुलाची काडतुसं घरी भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. त्यांच्याही तक्रारी ओळखीच्या. प्रायमर पूर्ण बसलेला नाही, त्याला तेलाचा हात लागलाय, छिद्र बुजलंय. चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग नरम केली आणि ठोकाच कमी पडला. सर्वांत वाईट म्हणजे दारू भरायचीच राहिली. प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते, आवाज मात्र फुसका येतो. अशा वेळी दुसरी गोळी झाडणारा स्वतःच्या हाताशी खेळत असतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. या खेळात पिस्तूल अडलं तर नियम असा, की ते लक्ष्याच्या दिशेनेच धरून ठेवायचं, मोकळा हात वर करायचा आणि पंचांची वाट पाहायची. ठोक्याची खूण आहे पण काडतूस पेटलं नाही, तर खेळाडूचा दोष धरत नाहीत. गोळी भरायलाच विसरला असेल, तर धरतात. हे वाचलं तेव्हा मला मामूंचं शंभरपर्यंत मोजणं आठवलं.

मामू गेले. बंदूक रीतसर पोलीस ठाण्यात जमा झाली. पण मोहल्ल्याच्या बैठकीत अजून त्यांचा दाखला निघतो. मुलींना पुढे शिकवा, लग्नात उधळपट्टी नको, असं काही सांगून लोक हलले नाहीत की कुणी तरी म्हणतं, आणखी जोरात सांगायला हवं. मामू अशा वेळी म्हणायचे, "दारू वाढवू नका. वाट कुठं तुंबलीय ते बघा." मग ते उठून त्या घरी जात, चहा पीत, आणि बरंचसं ऐकून येत.