वेस्ट यलोस्टोनच्या बर्फात : पट्टा किती लांब, वाट कोणती?

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दाराशी, वेस्ट यलोस्टोन नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६,६०० फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दीडपट. उन्हाळ्यात येथे मोटारींची रांग संपत नाही. हिवाळ्यात मात्र उद्यानातील बहुतेक रस्ते बर्फाखाली जातात आणि मोटारींना बंद होतात. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत त्याच रस्त्यांवर बर्फ दाबून वाट तयार करतात आणि तिच्यावरून स्नोमोबाइल धावतात. गावातही तेच वाहन. पेट्रोलपंपावर मोटारीच्या मागे स्नोमोबाइल उभी असते आणि खाणावळीच्या दारात दुचाक्यांऐवजी त्यांचीच ओळ लागलेली दिसते. फेब्रुवारीतल्या सकाळी पारा शून्याखाली वीस अंशांवर असला, तरी गावकऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी हे वाहन गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात ‘स्नो स्कूटर’ या नावाने पाहिले असेल. तेथे चालकाच्या मागे बसून दहा मिनिटांची फेरी मारायची, एवढाच आपला संबंध. पण ज्यांची मुले सॉल्ट लेक सिटी, डेन्व्हर किंवा कॅलगरीला स्थायिक झाली आहेत, त्यांच्या घरी हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मुलाला डोंगरातल्या ताज्या, भुसभुशीत बर्फात स्नोमोबाइल चालवण्याचा छंद लागलेला असतो, आईवडील हिवाळ्यात भेटीला आलेले असतात, आणि त्यांनाही एकदा नेऊन आणावे असे त्याला मनापासून वाटते. माझा भाचा अशाच मुलांपैकी एक. गेल्या हिवाळ्यात तो, त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आणि मी असे तिघे सॉल्ट लेक सिटीहून मोटारीने या गावी आलो. ताईचे वय ७४. बारा वर्षांचा मधुमेह आणि एका गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झालेली.

एका बापाच्या दुःखातून

या यंत्राच्या जन्माची कथा कोणाही डॉक्टरला अस्वस्थ करील. कॅनडातील क्युबेक प्रांतात, व्हॅलकोर्ट या गावी जोसेफ-आर्मांड बोम्बार्दिये नावाचा एक तरुण यंत्रकारागीर राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सचा तीव्र आजार झाला. रस्ते बर्फाने बंद होते; मुलाला रुग्णालयात नेता आले नाही आणि ते दगावले. बर्फावर चालणारे वाहन बनवण्याचा ध्यास बोम्बार्दियेला आधीपासूनच होता. या घटनेनंतर तो अधिकच तीव्र झाला. दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याच्या रचनेला १९३७ मध्ये पेटंट मिळाले. त्याची पहिली वाहने मोठी आणि बंदिस्त होती. ती डॉक्टरांच्या फेऱ्यांसाठी, रुग्णवाहिका म्हणून आणि पुढे शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी वापरली गेली. एकट्यादुकट्याने चालवायची हलकी ‘स्की-डू’ १९५९ मध्ये आली, आणि गरजेच्या वाहनाची हौस झाली.

पट्ट्याचे गणित

स्नोमोबाइलला पुढे दोन स्की असतात आणि मागे रबराचा एक अखंड, फिरता पट्टा. पट्ट्याची लांबी इंचांत सांगतात, आणि ती संपूर्ण वेढ्याची असते. त्यातला सुमारे निम्मा भाग बर्फावर टेकतो, उरलेला वरून परत येत असतो. म्हणून पट्टा दहा इंचांनी लांब झाला, तर बर्फाला टेकणारा भाग साधारण पाच इंचांनी वाढतो.

चिखलाच्या वाटेवर अरुंद चाकाची गाडी रुतते, पण तेथे फळी टाकली की तीच गाडी पार होते, हे आपल्याला ठाऊक आहे. वजन तेवढेच, आधार मोठा. ताज्या हिमात नेमके हेच घडते. १३७ इंचांच्या पट्ट्याऐवजी १५५ इंचांचा घेतला, तर बर्फावर सुमारे नऊ इंच अधिक टेकतात. रुंदी १५ इंच धरली, तर सुमारे १३५ चौरस इंच जादा आधार मिळतो. आखूड पट्ट्याला कितीही शक्तिशाली इंजिन जोडले, तरी खोल बर्फात तो पुढे जाण्याऐवजी स्वतःखाली खड्डा खणत बसतो.

लांबीइतकेच महत्त्व पट्ट्यावरच्या रबरी दात्यांच्या उंचीला असते. दाबलेल्या वाटेसाठी एक ते दीड इंच पुरतात. खोल बर्फासाठी अडीच ते तीन इंचांचे दाते लागतात. मात्र असा लांब, उंच दात्यांचा पट्टा कठीण वाटेवर फार वेळ पळवू नये. इंजिन आणि पट्ट्याखालच्या पट्ट्या थंड ठेवण्यासाठी उडणारा सैल बर्फ हवा असतो. तो न मिळाल्यास यंत्र तापते.

कोणासाठी कोणता पट्टा

भाड्याने स्नोमोबाइल देणाऱ्या दुकानाच्या अंगणात भाच्याने मला हे सारे समजावून सांगितले. सार इतकेच की १२० ते १३७ इंचांचे पट्टे दाबलेल्या वाटेसाठी असतात. मागे पाठीला टेकण असलेली, दोघांनी बसण्याची, हातमुठी गरम ठेवणारी यंत्रे बहुधा याच गटातली. १४६ इंचांचा पट्टा वळायला चपळ. हलक्या वजनाच्या आणि मध्यम खोलीच्या बर्फात फिरणाऱ्या चालकाला तो आवडतो. १५४-१५५ इंच ही डोंगरातली सर्वांत सोयीची, मधली निवड. बर्फ फार खोल, चढ उभा असेल तर १६३-१६५. आणि चालक वजनाने भारी असेल किंवा अतिखोल बर्फातच जायचे असेल, तर १७४-१७५. लांबी वाढली की तरंगणे आणि चढणे सोपे होते, पण वळणे जड जाते, यंत्राचे वजन वाढते आणि इंजिनावर भार येतो. उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद आधीच काहीशी घटलेली असते, हेही हिशेबात धरावे लागते.

“मामा, मी स्वतःसाठी १५५ घेतोय. आईला मागे बसवून टू टॉपपर्यंत नेऊन आणू का?” त्याने विचारले. टू टॉप हा गावाजवळचा, बर्फाने लगडलेल्या झाडांसाठी प्रसिद्ध असलेला डोंगर. ती झाडे दुरून पांढरी शाल पांघरून उभ्या असलेल्या माणसांसारखी दिसतात. ताईलाही जायचे होते. “म्हातारी झाले म्हणून खोलीत बसवून ठेवणार का मला?” हा तिचा प्रश्न रास्त होता.

उत्तर त्या यंत्राच्या रचनेतच होते. डोंगरातली लांब पट्ट्याची स्नोमोबाइल मुळात एकट्यासाठी असते. चालक बहुतेक वेळ उभा राहून, शरीराचा भार एका बाजूने दुसऱ्या बाजूला टाकत ती चालवतो. उतारावरून आडवे जाताना तर तो एकाच बाजूच्या पायरीवर उभा असतो. मागे बसलेल्या माणसाला तेथे ना आसन, ना पुढचा खड्डा दिसण्याची सोय. धक्का केव्हा येणार हे ठाऊक नसलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या पाठीच्या मणक्याला एक आदळ पुरेशी होते.

म्हणून आम्ही दिवस वाटून घेतले. पहिल्या दिवशी मी आणि ताई ‘स्नोकोच’ने ओल्ड फेथफुलला गेलो. स्नोकोच म्हणजे हवा कमी भरलेल्या रुंद टायरांची किंवा पट्ट्यांची, आतून उबदार बस. वाट ३० मैलांची. मॅडिसन नदीच्या काठाने जाताना बर्फात तोंड खुपसून गवत शोधणारे गवे, वाफाळलेले झरे आणि शेवटी ओल्ड फेथफुलचा उसळता फवारा, सारे तिने गरम आसनावरून पाहिले. वाटेत थांबे आणि स्वच्छतागृहेही होती; या वयात या गोष्टीला निसर्गसौंदर्याइतकेच मोल असते. उद्यानात स्नोमोबाइलनेही जाता येते, पण मार्गदर्शकासोबत, रस्ता न सोडता आणि ताशी ३५ मैलांच्या मर्यादेत. दुसऱ्या दिवशी भाचा मित्रांबरोबर १५५ घेऊन डोंगरात गेला. त्याआधी सकाळी १३७ इंचांच्या दुहेरी आसनाच्या गाडीवर, सपाट वाटेने, त्याने आईला अर्धा तास फिरवून आणले. ती उतरली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि तिला पुन्हा एकदा जायचे होते.

डॉक्टरच्या नजरेने

थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात उंची. म्हणून नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, छातीत दुखण्याचा त्रास असलेल्या, फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा बेत आखू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना डोक्यावरचा साधा मारही घातक ठरू शकतो. मानेचा त्रास असणाऱ्यांना जड हेल्मेट तासभरही सहन होत नाही.

मधुमेही व्यक्तींकडे विशेष लक्ष हवे. पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर बोटे गोठत असल्याचे त्यांना कळतच नाही. इन्सुलिन गोठले की निरुपयोगी होते. ते पिशवीत न ठेवता अंगालगतच्या खिशात ठेवावे. साखर तपासण्याचे यंत्रही थंडीत चुकीचा आकडा दाखवू शकते.

वृद्धांचे शरीर गारठले तरी थरथर कमी होते. त्याऐवजी ते अडखळत बोलतात, गोंधळतात, पाय लटपटतात. त्याला थकवा समजू नये. लगेच उबेत न्यावे. बोट पांढरे, बधिर झाले तर ते चोळू नये, शेकोटीजवळ धरू नये. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. सुरक्षित, उबदार जागी पोहोचल्यावर कोमट, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

आता थोडे घरच्या कर्त्या माणसांविषयी. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या ज्या मुलावर आईवडिलांची देखभाल अवलंबून आहे, त्याने स्वतःचीही तपासणी करावी. खोल बर्फात रुतलेले यंत्र फावड्याने मोकळे करणे, स्की धरून ओढणे हे विरळ हवेत आणि कडक थंडीत अचानक केलेले जबर श्रम आहेत. योग्य लांबीच्या पट्ट्याचा खरा लाभ येथे आहे: यंत्र कमी रुतते, म्हणून हृदयावर हा प्रसंग कमी वेळा येतो. पण पट्टा हिमस्खलनापासून वाचवत नाही. उलट, लांब पट्टा माणसाला अशा चढांवर पोहोचवतो जेथे पूर्वी तो जाऊच शकला नसता. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. म्हणजे वाचवणारे बहुधा बरोबरचे सोबतीच असतात. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर, लांब शोधकाठी आणि फावडे, आणि ते वापरण्याचा सराव हवा. या भागासाठी बोझमन येथील हिमस्खलन केंद्र हिवाळ्यात रोज सकाळी इशारा प्रसिद्ध करते. तो वाचल्याशिवाय घर सोडू नये.

निघण्यापूर्वी

अंगालगत लोकरीचे किंवा घाम शोषून न ठेवणारे कपडे असावेत; सुती बनियन ओला झाला की अंग गारठवतो. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना इजा करते, म्हणून गॉगल अवश्य लावावा. उब येईल या समजुतीने मद्य घेऊ नये. त्याने शरीरातली उष्णता अधिकच निघून जाते. तहान लागली नाही तरी थोडे थोडे पाणी प्यावे. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून ठरवावी. प्रवासविम्यात स्नोमोबाइलचा अपघात धरला आहे की नाही, ते आधी वाचून पाहावे.

आणि यंत्र निवडताना दुकानदाराला पट्ट्याची लांबी सांगण्यापूर्वी दोन गोष्टी सांगाव्यात: आपण कोणत्या वाटेने जाणार आहोत, आणि बरोबर कोण आहे. मुलाला १५५ इंचांचा पट्टा हवा असेल, तर तो त्याने जरूर घ्यावा. पण त्या दिवशी तो एकट्याच्या वाटेचा दिवस आहे हे घरात सर्वांना माहीत असावे. आईवडिलांसाठी दुसरा दिवस, दुसरे वाहन आणि सपाट वाट आवर्जून ठेवावी. बर्फ त्यांनाही पाहायचा असतो.