रांगेंतील जागा

मनुष्य आपलें वय लपवितो, उत्पन्न लपवितो. परंतु मुलांना पडलेले गुण मात्र तो कोणीं न विचारतां सांगतो. गुण कमी पडले असतील तर तो मौन धरतो खरा, पण तें मौन इतकें बोलकें असतें कीं शेजाऱ्यांस आंकडा कळावयास फारसा वेळ लागत नाहीं. आम्हांस महाविद्यालयांत इंग्रजी शिकवूं लागून एकोणतीस वर्षें झालीं. या अवधींत किती उत्तरपत्रिका आमच्या तांबड्या शाईखालून गेल्या, याचा हिशेब आम्हीं ठेविलेला नाहीं. गुण देणें हाच ज्याचा व्यवसाय, त्यास गुणांचा अर्थ कळत असलाच पाहिजे, अशी लोकांची समजूत असते. आणि खरें सांगावयाचें तर आमचीहि तीच होती. ती समजूत कशी ढासळली, आणि त्या पडझडीचा भुर्दंड आमच्याऐवजीं दुसऱ्याच कोणास कसा पडला, तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी यंत्रशास्त्राची पदवीधर. कोल्हापूरजवळ शिरोलीस ज्या अनेक ओतशाळा—तिकडच्या बोलण्यांत फौंड्र्या—आहेत, त्यांपैकीं एकींत ती चार वर्षें नोकरी करीत होती. परदेशीं जाऊन एम्. बी. ए. व्हावें असें तिनें मनांत घेतलें, आणि २०२४ च्या ऑगस्टांत ती 'जीमॅट' या परीक्षेस बसली. पुढच्याच रविवारीं तिचे वडील तिला घेऊन पुण्यास आमच्याकडे आले. चहा झाल्यावर त्यांनीं विचारलें, "दादा, ६४५ म्हणजे कसे हो?"

"कितीपैकीं?"

"८०५ पैकीं."

आम्हीं मनांतल्या मनांत भागाकार केला. ऐंशी टक्के! आमच्या एका सहाध्यापकांच्या चिरंजीवांस २०१७ सालीं याच परीक्षेंत ७२० मिळाले होते, आणि 'सातशेंच्या खालीं कांहीं खरें नाहीं' हें वाक्य त्या सहाध्यापकांच्या तोंडून आम्हीं अनेकवार ऐकलें होतें. तेंच आम्हीं प्रोफेसरी गांभीर्यानें पुढें केलें. "वाईट नाहींत, पण सातशें हवे होते. पुन्हां एकदां बसूं द्या तिला." भाची शेजारींच बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं. तिच्या वडिलांनीं मान हलविली. प्रोफेसर मामानेंच सांगितल्यावर विचारावयाचें काय उरलें होतें?

अमेरिकेंतील अशा विद्यालयांचे अर्ज साधारणपणें तीन फेऱ्यांत घेतले जातात: सप्टेंबर, जानेवारी आणि एप्रिल यांच्या सुमारास. भाचीनें सप्टेंबरची फेरी सोडली. दिवसभर भट्टीजवळ उभें राहावें आणि रात्रीं अकरापर्यंत गणितें सोडवावीं, असे तीन महिने काढून ती नोव्हेंबरांत पुन्हां परीक्षेस बसली. या वेळीं गुण आले ६५५. "पाहा, वाढले कीं नाहीं!" असें आम्ही दूरध्वनीवर मोठ्या उत्साहानें म्हणालों.

डिसेंबरांत ती एकटीच आली. "मामा, रागावूं नका, पण एक दाखवूं का?" असें म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेंच प्रसिद्ध केलेलें एक कोष्टक तिनें आमच्यापुढें ठेविलें. जुन्या मोजपट्टीवरील ७०० म्हणजे नव्या मोजपट्टीवरील सुमारें ६४५, असें त्यांत स्वच्छ होतें. म्हणजे ज्या सातशेंसाठीं आम्हीं तिला पुन्हां परीक्षेस बसविलें, ते तिला ऑगस्टांतच मिळालेले होते!

"हें तुला तेव्हां ठाऊक नव्हतें?"

"होतें."

"मग बोलली कां नाहींस?"

"तुम्ही प्रोफेसर, मामा. बाबा तुमच्याकडेच पाहत होते."

त्यानंतर आम्हीं जी विद्या मिळविली, ती ऑगस्टांतच मिळवावयास हवी होती. ही परीक्षा कांहीं आजची नव्हे. १९५३ सालीं अमेरिकेंतील नऊ व्यापारविद्यालयें एकत्र आलीं. निरनिराळ्या महाविद्यालयांतून येणाऱ्या पदवीधरांस एकाच मापानें पाहतां यावें हा त्यांचा हेतु. आणि १९५४ मध्यें पहिली परीक्षा झाली. 'ग्रॅज्युएट मॅनेजमेंट ॲडमिशन टेस्ट' हें नांव तिला १९७६ मध्यें मिळालें. जुनी मोजपट्टी २०० पासून ८०० पर्यंत होती, व तिच्यावरील प्रत्येक आंकड्याच्या शेवटीं शून्य येत असे. नोव्हेंबर २०२३ मध्यें परीक्षेचें रूप बदललें आणि जानेवारी २०२४ अखेर जुनें रूप बंद झालें. निबंध गेला, भूमिति गेली, आणि वाक्यें सुधारण्याचे प्रश्नहि गेले. यांपैकीं शेवटच्या गोष्टीचें इंग्रजीचे प्राध्यापक या नात्यानें आम्हांस वाईट वाटलें. आतां गणित, भाषा आणि माहितीचें विश्लेषण असे पंचेचाळीस मिनिटांचे तीन भाग असतात. प्रत्येक भागाचे गुण ६० ते ९० यांच्या दरम्यान येतात आणि त्या तिहींवरून २०५ ते ८०५ यांमधील एकूण आंकडा काढितात. या आंकड्याच्या शेवटीं नेहमीं पांच असतात. ते मुद्दाम ठेविलेले आहेत. नव्या मापाची जुन्याशीं गल्लत होऊं नये म्हणून केलेली ती खूण होय. १९५७ सालीं सोळा आण्यांच्या जागीं शंभर नवे पैसे आले, तेव्हां आणे आणि पैसे यांत घोटाळा करणाऱ्या गिऱ्हाइकास वाणी हंसला असेल. आम्हांस मात्र प्रत्येक आंकड्यावर खूण करून दिली असूनहि ती दिसली नाहीं.

शिवाय ८०५ नें भागून टक्के काढणें हीच मुळीं चूक होती. जेथें सर्वांत कमी गुण २०५ आहेत, तेथें टक्क्यांस अर्थ काय? हे गुण म्हणजे बरोबर उत्तरांची बेरीजहि नव्हे. उमेदवार जसजसा उत्तरें देत जातो, तसतशी संगणकांतून येणाऱ्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलत जाते. त्यामुळें सारखींच उत्तरें बरोबर आलेल्या दोघांचे गुण निराळे येऊं शकतात. या आंकड्याचा खरा अर्थ कळतो तो पर्सेंटाईलवरून, आणि पर्सेंटाईल म्हणजे रांगेंतील जागा. शंभर उमेदवार उभे केले, तर आपल्या मागें किती, एवढेंच तो सांगतो. ६४५ गुण मिळविणाऱ्याच्या मागें शंभरांत पंच्याऐंशींहून अधिक उमेदवार असतात. रांग बदलली कीं जागाहि बदलते. जुन्या परीक्षेंत गणिताचे ४९ गुण मिळवूनहि मनुष्य शंभरांत सुमारें पंचाहत्तरांच्याच पुढें असे, आणि भाषेचे ४० मिळविणारा मात्र सुमारें नव्वदांच्या पुढें जाई. कारण गणिताच्या रांगेंत पटाईत लोकांची दाटी फार. आंकडा लहान असूनहि जागा मोठी, हें आमच्या तांबड्या शाईस कधीं सुचलें नव्हतें.

आणखी एक गोष्ट तर अगदींच लाजविणारी होती. प्रत्येक तराजूचा कांटा थोडाफार हलतोच. या परीक्षेच्या एकूण गुणांत तीस-चाळीस गुणांची हालचाल गृहीत धरावी, असें ती घेणारी संस्थाच सांगते. तोच उमेदवार त्याच तयारीनें दुसऱ्या दिवशीं बसला, तर तेवढा फरक सहज पडावा. म्हणजे आमच्या भाचीचे वाढलेले दहा गुण हे तीन महिन्यांच्या जागरणाचें फळ होते, कीं नुसत्या कांट्याची थरथर, हें सांगतां येणें शक्य नव्हतें. आम्हीं त्यांवर तिचें अभिनंदन केलें होतें.

परंतु गुणांचा अर्थ चुकला ही आमची लहान चूक. मोठी चूक प्रवेशाविषयींची होती. आपण लहानपणापासून फलकावर लागलेली यादी पाहत आलों. शेवटचा प्रवेश ज्या गुणांवर झाला, त्याच्या वरचे आंत, खालचे बाहेर. म्हणून परदेशांतील विद्यालयाचा आंकडा वाचला कीं तोहि उंबरठा आहे असेंच आपण समजतों. हार्वर्डच्या व्यापारविद्यालयांत २०२३ मध्यें दाखल झालेल्या वर्गाचा मध्यक जुन्या मोजपट्टीवर ७४० होता. हें ऐकून कोणीहि म्हणेल कीं ७४० पाहिजेत. पण मध्यक म्हणजे उंबरठा नव्हे. तें घराचें माजघर होय. निम्मा वर्ग त्या आंकड्यावर किंवा त्याच्या खालींच बसलेला असतो.

असें कां, याचें उत्तर तेथील अध्यापनाच्या रीतींत आहे. हार्वर्डमध्यें सुमारें नव्वद विद्यार्थ्यांची एकेक तुकडी असते आणि शिक्षण चालतें तें व्याख्यानांनीं नव्हे, तर एखाद्या धंद्यावर आलेला प्रत्यक्ष प्रसंग पुढें ठेवून त्यावर केलेल्या चर्चेनें. बोलावयाचें विद्यार्थ्यांनींच. नव्वदहि जणांचे गुण सारखे, गांव सारखें आणि नोकरीहि सारखी असेल, तर कोणीं कोणापासून काय शिकावें? म्हणून तीं विद्यालयें यादी लावीत नाहींत, वर्ग जुळवितात. चार-पांच वर्षांच्या नोकरींत काय केलें, कशासाठीं यावयाचें आहे, वरिष्ठ काय म्हणतात, समोरासमोर बोलतांना मनुष्य कसा वाटतो, हें सारें पाहतात. गुणांवरून पहिल्या सहामाहीचें गणित झेपेल कीं नाहीं, एवढें त्यांना कळतें. तेंहि थोडें नव्हे; फारच कमी गुण पडले तर अर्जाचें वजन घटतें, आणि आपल्याकडून जाणाऱ्या अर्जांची गर्दी पाहतां चांगले गुण असणें बरें, हें आम्ही नाकारीत नाहीं.

ही रीत निर्दोष आहे, असेंहि आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ज्याच्यापाशीं पैसा आहे, तो अर्जांतला निबंध दुसऱ्याकडून घासूनपुसून घेतो. ज्याच्या घरांत चार पिढ्यांचा धंदा आहे, त्यास सांगण्यासारखें आयतेंच असतें. आपली यादी आंधळी खरी, पण म्हणूनच ती कोणाचें आडनांव वाचीत नाहीं. ज्या समाजांत ओळखीपाळखीचें भय आहे, त्यास आंधळी यादीच न्यायाची वाटावी, यांत नवल नाहीं. आम्ही स्वतः अशाच यादीच्या आधारानें एका खेड्यांतून पुण्यास आलों.

तरीसुद्धां त्या डिसेंबरांत जें घडलें तें लिहिलेंच पाहिजे. प्रायश्चित्त म्हणून आम्हीं भाचीस शिफारसपत्र देऊं केलें. ती हंसून म्हणाली, "नातेवाइकांचें चालत नाहीं, मामा. आणि प्रोफेसरांपेक्षां त्यांना कामावरच्या वरिष्ठांचें हवें असतें." आमच्या सहीस इतका स्पष्ट नकार पूर्वीं कोणीं दिलेला नव्हता. मग तिनें आपला निबंध पुढें केला. "यांतलें इंग्रजी तेवढें पाहा."

इंग्रजी पाहण्यासारखें फारसें नव्हतें. दोन ठिकाणीं स्वल्पविराम घातले. पण मजकूर आम्हीं दोनदां वाचला. तिच्या ओतशाळेंत सोमवारीं ओतलेले भाग इतर दिवसांपेक्षां अधिक रद्द होत. कारण कोणास कळत नव्हतें. तिनें साचे करणाऱ्या कामगारांजवळ उभें राहून प्रत्येक रद्द भागाचें कारण फळ्यावर खडूनें मांडावयास सुरुवात केली. पहिले कांहीं दिवस कामगारांस तो आपल्यावरचा पहारा वाटला. अखेर त्यांतल्याच एका वयस्क कामगारानें सांगितलें कीं रविवारभर पडून राहिलेल्या वाळूचा ओलावा सोमवारीं सकाळीं कोणी मोजीतच नाहीं. मोजूं लागले, आणि सोमवार इतर दिवसांसारखा झाला. निबंधांत तिनें श्रेय त्या कामगारास दिलें होतें; स्वतःविषयीं म्हटलें होतें तें इतकेंच कीं, फळा लावल्यावांचून तो बोलला नसता.

चार वर्षें ती सणावारीं आमच्या घरीं येत होती. आम्हीं तिला पगार विचारला होता, पदवीचे गुण विचारले होते, लग्नाचें तर दर भेटींत विचारलें होतें. त्या ओतशाळेंत ती काय करते, हें आम्हीं एकदांहि विचारलें नव्हतें. सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी माणसांनीं तें अर्जाच्या पहिल्याच पानावर विचारलें होतें.

जानेवारी २०२५ च्या फेरींत तिनें तीन ठिकाणीं अर्ज केले. दोहोंकडून नकार आला. तिसऱ्या विद्यालयानें प्रवेश दिला व शुल्कांत कांहीं सूटहि दिली. तिन्ही ठिकाणीं आंकडा एकच होता, ६५५. त्याच वर्षीं ऑगस्टांत ती निघाली, तेव्हां आम्हीं तिला एका बाजूस नेऊन म्हटलें, "ते तीन महिने आमच्यामुळें गेले." ती म्हणाली, "जाऊं द्या मामा, गणित तरी पक्कें झालें." हें ती आमच्यासाठीं बोलली, हें कळण्याइतके गुण आम्हांसहि आहेत.

पुढें आमच्या पुतण्याचा दहावीचा निकाल लागला. तो पेढे न घेतांच नमस्कारास आला. आम्हीं मनाशीं निश्चय केला होता, म्हणून गुणांचें नांवहि न काढतां विचारलें, "काय रे, सध्यां काय वाचतोस? सुटींत काय केलेंस?" पोराचा चेहरा पांढराफटक पडला. आपले गुण इतके कमी आहेत कीं काका ते विचारीतहि नाहींत, असें त्याला वाटलें. शेवटीं, बिचाऱ्याचा जीव भांड्यांत पडावा म्हणून, ते आम्हांस विचारावेच लागले.